सहा तोंडं

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, मालकसुद्धा, आणि मालक वयाने तिच्या मुलासारखा होता. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी. पण तो माणूस रोज तिच्याबरोबर कामावर यायचा, उठल्यासुटल्या "वहिनी, इकडे बघा" म्हणून हाक मारायचा, त्यामुळे बाकीच्यांच्या तोंडीही तेच बसलं.

कारखाना म्हणायचा एवढंच. बोळाच्या टोकाला दोन खोल्या, मागे छपाईचं यंत्र आणि वर पुठ्ठे ठेवायला माळा. तिथे सापशिडीचे पट तयार होत. दुकानात टांगलेले असतात ते साधे पट नव्हेत. ते मोठ्या कंपन्या काढतात, आणि त्यांच्यापुढे उभं राहणं म्हणजे हत्तीशी ऊस खाणं. इथे होत ते खास पट. कुठल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली, कुणाला आपल्या गिऱ्हाइकांना काहीतरी वाटायचं असलं, की ते लोक येत आणि म्हणत, आम्हाला आमची सापशिडी करून द्या. तेवढ्यापुरते पट छापायचे, वाटले की संपले. घरोघरी खेळली जाणारी सापशिडी सगळ्यांना माहीत. ह्या पटांचा मात्र कुणाला पत्ता नसे.

ते काढायचे भाऊजी, तिचे दीर. दातांच्या डॉक्टरांसाठी काढलेल्या पटावर साप म्हणजे किडलेल्या दातांच्या माळा होत्या. पोस्टाच्या पटावर साप लागला की पत्र परत पाठवणाऱ्याच्या दारात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेने शिड्यांच्या जागी लिफ्ट मागितल्या, तर भाऊजींनी त्या काढल्या आणि एका लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी लावली. संघटनेला ती पाटीच सगळ्यांत आवडली. एकदा विमा कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, आमच्या पटावर साप नकोत, लोक घाबरतात. भाऊजी म्हणाले, "साप नसतील तर विमा कोण काढेल, साहेब?" साहेब खो खो हसले आणि नेहमीपेक्षा दोन साप जास्तच घेऊन गेले. भाऊजींचे साप हसरे असत. गिळतानाही त्यांच्या तोंडावर असं काही असे, की गिळला जाणाराही म्हणेल, असू दे, तुझंही पोट आहे.

वहिनीचं काम निराळं होतं. पट छापायला जाण्याआधी तो कुणीतरी शेवटपर्यंत खेळून बघायचा, हे वळण मोठ्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकाच्या वडिलांनी घातलेलं. वहिनीचा नवरा तिथेच पुठ्ठे कापायचा. तो गेला आणि मोठ्या मालकांनी तिला बोलावून पट तपासायच्या टेबलावर बसवलं. चार रंगांच्या चार सोंगट्या घ्यायच्या, चौघांचाही फासा आपणच टाकायचा, चारही सोंगट्या शंभरावर पोचल्या की पट पास. मग मूळ पटाच्या पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द लिहायचा: संपतो. सही नाही, तारीख नाही. त्या एका शब्दावर यंत्र सुरू व्हायचं.

बसून खेळायचे पैसे मिळतात म्हणून खोकी चिकटवणारी बाई तिला चिडवायची. "आमची पाठ मोडते, आणि वहिनींचा दिवस जातो फासे टाकण्यात. पुढच्या जन्मी मला वहिनीच कर रे देवा."

"आधी दीर शोध," वहिनी म्हणायची. "दिराशिवाय वहिनी होत नाही."

पण ती ते काम खेळ म्हणून करत नसे. सकाळी पहिला फासा टाकताना ती मनात देवाचं नाव घ्यायची. कुणाच्या तरी घरात चार माणसं हा पट मांडून बसतील, त्यांचा खेळ अडू नये, एवढंच मागणं. तिने पास केलेला एकही पट कधी अडला नव्हता. दुसरं काही मिरवण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं, आणि हेही ती मिरवत नसे.

नवरा गेल्यावर भाऊजी तिच्याच घरी राहिले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना सांभाळ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीर होता, घरात होता, त्याचं ताट वाढायचं होतं. लोक काय बोलायचं ते बोलले आणि मग बोलून बोलून कंटाळले.

भाऊजींना शिकवायची भारी हौस. म्हणून कारखान्यात त्यांचं नाव मास्तर. नवीन कुणी कामाला लागलं की ते त्याला पटासमोर उभं करत आणि सांगत, "फाशावर सहाच्या पुढे आकडा नाही. म्हणून सापांची पाच तोंडं शेजारी शेजारी ठेवलीत तरी चालेल, सहा पडला की माणूस उडी मारून पलीकडे. सहावं तोंड ठेवलंत की झाली भिंत. मग देव खेळायला बसला तरी खालीच येणार."

"देवाला कशाला ओढता मध्ये?" वहिनी आपल्या टेबलावरून म्हणायची.

"बरं, देव राहू द्या. मालक बसले तरी."

भाऊजींचं बिघडायला लागलं ते आधी घरात. गॅस पेटवून ते समोर नुसते उभे राहात. कपाटं उघडून एकेक वस्तू जमिनीवर मांडत आणि काय शोधतोय ते विसरत. एक दिवस जेवताना म्हणाले, "दादा अजून आला नाही?" वहिनीचा घास हातातच राहिला. नवऱ्याला जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्याचा आवाजही तिला आता आठवून आठवावा लागे. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढायला लावले आणि सांगितलं, हे मागे फिरणारं नाही. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, इतकंच.

सुट्टीच्या दिवशी ते घरभर फिरत, दाराची कडी काढत, रस्त्यावर जात. पण कामावर आले, खिडकीपाशी आपल्या टेबलावर बसले, हातात कुंचला आला, की सगळं शांत. हाताला अजून सगळं येत होतं. वहिनी आपल्या टेबलावरून ती पाठ बघायची आणि मनात म्हणायची, हे टेबल राहू दे. बाकीचं घे, घ्यायचं तर. हे टेबल राहू दे.

मग बस कंपनीच्या पटावर सत्तेचाळीस हा आकडा दोन घरांत पडला. वहिनीला खेळताना दिसलाही नाही, कारण तिच्या सोंगट्या नेमक्या त्यावरून उडून गेल्या. सगळे पट छापून झाल्यावर बस कंपनीच्या माणसाने दाखवला. ते रद्दीत गेले, दुसरे छापावे लागले.

मालकाने तिला बाजूला बोलावलं. "वहिनी, मी आंधळा नाही. मास्तरांचं काय चाललंय ते मला दिसतंय. पुढचा पट नीट उतरला तर ते आहेत तिथेच बसतील, मी शब्द देतो. नाही उतरला तर त्यांना घरी बसवणार. संगणकावर पट काढणारी एक मुलगी मी बघून ठेवली आहे. मी वाईट माणूस नाही हो."

"मी कुठे म्हटलं?" वहिनी म्हणाली.

पुढचा पट हाडांच्या इस्पितळाचा होता. तिथल्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या, उंच, घाईत असलेल्या, पण बसल्यावर दहा मिनिटं मुलांबद्दलच बोलत राहिल्या. त्यांच्या वॉर्डात पाय प्लॅस्टरात घालून मुलं महिनोन्‌ महिने पडून असतात. त्यांच्यासाठी पट हवा. शिड्यांच्या जागी कुबड्या चालतील. "आणि शंभराच्या घरात शंभर लिहू नका," सिस्टर म्हणाल्या. "तिथे एक घर काढा. खरंखुरं, दाराचं. मुलांना वाटू दे, खेळत खेळत आपण घरी पोचलो."

भाऊजींनी मान हलवली आणि कामाला लागले. काय साप काढले होते! कुणाच्या शेपटीला प्लॅस्टर, कुणाच्या गळ्यात हात अडकवायची झोळी, आणि हात तर सापाला नाहीच. खोकी चिकटवणारी बघायला आली आणि हसून हसून तिला ठसका लागला. शंभराच्या घरात त्यांनी लाल दाराचं एक छोटं घर काढलं, दार जरासं उघडं. वहिनीला वाटलं, देवाने ऐकलं.

मग ती खेळायला बसली.

सोंगट्या सत्तरीपर्यंत भराभर गेल्या. तिथून निळी खाली आली, मग पिवळी, मग हिरवी. होतं असं. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली. जेवणाची सुट्टी झाली, ती उठली नाही. चहा आला, निवला.

"आज फाशाला काही चावलंय का?" खोकी चिकटवणारीने विचारलं.

"फाशाला नाही, मला चावलंय," वहिनी म्हणाली आणि फासा टाकला आणि लाल सोंगटी खाली आणली. मग तिने फासा बाजूला ठेवला आणि सत्तरीच्या वरच्या ओळीवर बोट फिरवलं. बहात्तरपासून सत्त्याहत्तरपर्यंत, एका घराआड नाही, शेजारी शेजारी, सगळी तोंडं उघडी, सगळी हसरी. सहा. आणि त्यांना ओलांडून जाणारी एकही कुबडी नाही.

तिने पट उचलून भाऊजींच्या टेबलावर नेला. मालक मागे यंत्रापाशी होता. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, ही तोंडं मोजा बघू."

"का? एखादं पळालं काय?" त्यांनी बोट टेकवत मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

बोट सहा वेळा टेकलं होतं. तोंडातून आकडे पाचच निघाले.

"पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजलं आणि पुन्हा पाच झाले. "वहिनी, तुम्ही शाळेत गेला होतात ना? की नुसत्या शाळेवरून?"

तिने त्यांचं बोट आपल्या हातात धरलं आणि एकेका तोंडावर टेकवत, मोठ्याने, त्यांच्याकडूनही म्हणवून घेत, सहापर्यंत नेलं. भाऊजी त्या ओळीवर वाकले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हे सहावं तुम्ही कधी काढलंत?"

"मी? मला सरळ रेघ ओढता येत नाही."

"तेच म्हणतो मी. तरी छान काढलंय." आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पण नको तिथे. खोडून टाका. मी मालकांना सांगणार नाही."

वहिनीने ब्लेडने शाई खरवडली, वर पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी पिऊन येते तो भाऊजी त्याच जागी वाकलेले. "इथला साप कुणी खाल्ला? जागा बघा कशी बोडकी दिसतेय." नवीन तोंड आधीच्यापेक्षा सुंदर उतरलं होतं. तिने ते दुपारी खरवडलं. संध्याकाळी ते परत आलं होतं. कागद त्या जागी आता पातळ झाला होता, उजेडात धरला की पलीकडचं दिसे. ती त्यांना काही बोलली नाही. बोलून उपयोग असलेल्या माणसाशी माणूस बोलतो.

छपाईच्या दिवशी तिने जेवणाच्या सुट्टीत शेवटचं खरवडलं आणि लगेच खेळायला बसली. पाच तोंडांवरून लाल सोंगटी सहा टाकून पलीकडे गेली तेव्हा तिच्या तोंडून "आलास रे बाबा" असा आवाज निघाला. चारही सोंगट्या लाल दारात पोचल्या. तिने पट उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: संपतो. ते खरं होतं. लिहिलं तेव्हा ते अगदी खरं होतं.

मूळ पट छपाईला नेणं भाऊजींचं काम. ते दुसऱ्या कुणाच्या हातात तो देत नसत. त्यांनी तो दोन हातांवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा, आणि मागच्या खोलीत नेला. ती सोंगट्या डबीत भरत होती. दोन मिनिटंही झाली नसतील, तिला काहीतरी वाटलं आणि ती उठून दाराशी गेली.

यंत्रावरचा माणूस हात पुसत उभा होता. मालक हाताची घडी घालून हसत होता. आणि भाऊजी पटावर वाकून, खिशातली बारीक लेखणी काढून, सत्तरीच्या ओळीत हात फिरवत होते. तोंड झालं, डोळा झाला, गळ्यात झोळीसुद्धा झाली. शाई ओली चमकत होती.

"शेवटचा हात फिरवल्याशिवाय मास्तरांना चैन पडत नाही," मालक म्हणाला. त्याला ते आवडलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याने मास्तरांना असं काम करताना पाहिलं होतं. त्याने पट उलटून पाठीवरचा शब्द वाचला आणि दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं. "झालं ना, वहिनी? पास?"

थांबा म्हणायचं होतं. एक शब्द. पण तो शब्द बोलला की सहा तोंडं मोजली जाणार, मालकाचं हसू जाणार, आणि उद्यापासून ते टेबल रिकामं. भाऊजी तिच्याकडे बघत होते, चित्र काढून आईला दाखवायला आणलेल्या पोरासारखे.

"हो," वहिनी म्हणाली.

यंत्र सुरू झालं. ती आपल्या जागेवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुसरा एक छोटा पट तपासायला होता, बेकरीवाल्यांचा, जुनाच, फक्त रंग बदललेला. तिने फासा उचलला, आणि नेहमीचं नाव ओठांवर आलं, आणि तिने ते घेतलं नाही. नुसताच फासा टाकला.

मोठ्या सिस्टर आभार मानायला आल्या तेव्हा भाऊजी खिडकीपाशी कुंचले धूत होते. आताशा दिवसभर ते कुंचलेच धुवायचे. सिस्टर म्हणाल्या, "मुलं सोडत नाहीत पट. सापांची नावं ठेवली आहेत त्यांनी. एकच आहे, घरापर्यंत अजून कुणी पोचलं नाही म्हणतात. आमच्याकडे एक मुलगी आहे, दोन्ही पाय वजनाला बांधलेले. ती काल मला विचारते, सिस्टर, त्या घरात खरंच कुणी जातं का?"

मालक हसला. सिस्टरही हसल्या. वहिनी म्हणाली, "लांब आहे जरा." सिस्टर घाईत होत्या, निघून गेल्या.

जे वाचवण्यासाठी तो शब्द गिळला होता, ते किती दिवस वाचलं? पुढचं काम मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संस्थेचं आलं. मालकाने शब्द पाळला, कोरा कागद भाऊजींसमोर ठेवला. भाऊजींनी दहा बाय दहाची चौकट आखली, सरळ, सुंदर. मग पहिल्या घरात एक तोंड काढलं. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात एक. शेपट्या नाहीत, आकडे नाहीत. नुसती तोंडं, घरामागून घर. मालक मागे येऊन उभा राहिला. मग त्याने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून त्यांना घरीच राहू द्या."

त्यांना घरी एकटं सोडणं शक्य नव्हतं, म्हणजे तिचंही काम संपलं. डबीतल्या सोंगट्या पुसून ठेवल्यावर ती मालकाच्या खोलीत गेली. आता गमवायला काही नव्हतं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. ओली शाई, सहावं तोंड, तिचं हो म्हणणं.

मालक खुर्चीत मागे टेकला. "हे मला सांगायला नको होतं, वहिनी."

"एका तोंडावर कागद चिकटवला तरी होईल. मी कापून देते. मी जाऊन चिकटवते."

"कुठे कुठे जाल? त्यांनी ते पट आणखी दोन इस्पितळांत वाटलेत. आणि सांगणार काय, आमच्या कारखान्याने प्लॅस्टरातल्या मुलांना न सुटणारा खेळ दिला म्हणून? उरलेली कामंही जातील. मुलं आहेत, दोन दिवस खेळतील, विसरतील." मग त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा चेहरा अगदी त्याच्या वडिलांसारखा दिसला, "आधीचे सगळे 'संपतो' खरे होते ना?"

"खरे होते."

"बरं," तो म्हणाला. त्याला विश्वास ठेवायचा होता, हे तिला दिसलं. ठेवता येत नव्हता, हेही दिसलं.

त्यानंतर एकदा ती इस्पितळाच्या फाटकापर्यंत जाऊन आली. भाऊजींचा हात धरलेला होता, त्यांना सोडून आत जाता येईना, आणि त्यांना आत न्यायची तिची छाती झाली नाही. रखवालदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय? ती म्हणाली, कुणाला नाही.

आता सकाळी ती देवापुढे बसते, पण मागायला काही सुचत नाही. हात जोडलेले असतात, तेवढंच. तोवर भाऊजी आंघोळ करून, बूट घालून दाराशी उभे असतात.

"वहिनी, उशीर होतोय."

"आज सुट्टी आहे, भाऊजी."

"कसली?"

पहिल्या दिवशी तिला उत्तर शोधावं लागलं होतं. आता लागत नाही. "मालकांच्या घरी लग्न आहे."

"आपल्याला बोलावलं नाही?"

"नाही."

"असो," भाऊजी म्हणतात. "कामाच्या गडबडीत राहिलं असेल." आणि खुर्चीवर बसून एक बूट काढतात. दुसऱ्याची नाडी सोडता सोडता हात थांबतो. पायात बूट आहे म्हणजे कुठेतरी निघालो होतो, असं काहीतरी त्यांना वाटत असावं. ते काढलेला बूट पुन्हा पायात घालतात, वाकून नाडी बांधतात, उठून उभे राहतात.

वहिनी दाराला आतून कडी घालते आणि त्यांच्या पायाशी बसून नाडी सोडायला घेते.

"वहिनी," भाऊजी वरून म्हणतात, "चला लवकर. उशीर होतोय."